वाचताना डोळे उड्या मारतात, तो दोष नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलंय: चौथीतला एक मुलगा धडा वाचतो तेव्हा त्याचे डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, टुणटुण उड्या मारतात आणि मध्येच मागे जातात. ओळही चुकते. मराठीपेक्षा कानडी वाचताना हे जास्त होतं. डोळ्यांच्या व्यायामाचा वर्ग लावा, असं त्याच्या पालकांना कुणीतरी सांगितलंय. लावावा का?

बाई, आधी उड्यांपुरतं सांगतो. हे वाचताना तुमचेही डोळे तेच करताहेत. ओळीवरून नजर अलगद सरकते असं आपल्याला वाटतं, पण तसं कुणाचंच होत नाही. तेव्हा उड्या हा दोष नव्हे. मात्र ओळ चुकणं आणि सारखं मागे जाणं यांची कारणं शोधावी लागतील. त्यातली बरीचशी डोळ्यात सापडत नाहीत, दोन-तीन सापडतात, आणि नेमकी तीच तपासायची राहून जातात.

डोळ्याला उडी का मारावी लागते ते बघू. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक दिसण्याची जागा अगदी लहान असते. मधला खळगा दीडेक मिलिमीटर रुंद, आणि त्यातलाही सगळ्यांत तल्लख भाग जेमतेम पाव हिश्श्याचा. हात ताठ पुढे करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं. बाकी सगळं धूसर असतं, फक्त ते जाणवत नाही. खात्री करायची तर वर्तमानपत्रातल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि डोळा अजिबात न हलवता उजवीकडचा चौथा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथे काहीतरी छापलंय एवढंच कळेल. म्हणून ती नखाएवढी जागा मेंदू सतत इकडून तिकडे नेत राहतो, सेकंदाला साधारण तीन वेळा. या झटक्याला सॅकेड म्हणतात, शब्द फ्रेंच आहे. वाचताना डोळे असे थांबत-उडत जातात हे पॅरिसमध्ये एमिल जावाल या नेत्रवैद्याच्या कामातून १८७९ च्या सुमारास पुढे आलं. त्याआधी सगळ्यांची समजूत आपल्यासारखीच होती.

मुलाचे डोळे बघायची एक साधी युक्ती आहे. समोरून वाकून बघितलं की मूल बुजतं आणि वाचन बिघडतं. त्याऐवजी ‘तरुण भारत’चं एक पान घ्या, मधोमध पेन्सिल जाईल एवढं, पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा, पान पुठ्ठ्याला लावा. मुलाने ते ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरून भोकाजवळचा मजकूर मनात वाचायचा, आणि तुम्ही पानाच्या मागे भोकाला डोळा लावून बसायचं. उजेड मुलाच्या चेहऱ्यावर हवा, तुमच्या नाही. थांबे मोजा. आधी वाचनात तरबेज असलेल्या एखाद्या मोठ्या माणसावर हात बसवा, कारण पहिल्या दोन ओळींत काहीच मोजता येत नाही. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात तरबेज वाचकाचे ओळीला तीन ते पाच थांबे सापडतील. नंतर तिसरीतल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलावर करा, मग तुमच्या त्या मुलावर. तुलना या तिघांची करायची. एकट्या मुलाकडे बघून काही ठरवायचं नाही.

आकडे सांगतो, पण ते बहुतेक इंग्रजी वाचकांवरचे आहेत, कारण मोजणी तिथेच जास्त झाली. एक थांबा २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाव हिस्सा. उडी सात ते नऊ अक्षरांची, तिला ३० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दहा-पंधरा टक्के उड्या मागे जाणाऱ्या, त्याही अट्टल वाचकाच्या. पहिली-दुसरीच्या मुलांचे थांबे ३०० मिलिसेकंदांच्या वर असतात, उडी लहान, आणि मागे जाणं जवळजवळ दुप्पट. म्हणजे ‘मध्येच मागे जातो’ ही तक्रार एका मर्यादेपर्यंत तक्रारच नाही. एका थांब्यात कामाची अक्षरं डावीकडे तीन-चार आणि उजवीकडे चौदा-पंधरापर्यंत टिपली जातात. लांबची ओळखू येत नाहीत, पण शब्द कुठे संपतो ते कळतं आणि पुढची उडी त्यावर बेतली जाते. उर्दू वाचणाऱ्यात ही खिडकी उलटी, डावीकडे पसरलेली असते. यावरून कळावं की ती डोळ्याची ठेवण नाही, लिपीने लावलेलं वळण आहे.

आता प्रश्न येतो की डोळा एवढा झटके खात असताना जग फिसकटलेलं का दिसत नाही. मोबाईलचा कॅमेरा तसा हलवला तर चित्रफीत बघवणार नाही. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. शेजारच्या माणसाला मात्र ते स्वच्छ दिसतात. उडीच्या किंचित आधीपासून ती संपेपर्यंत मेंदू दिसण्याची धार कमी करतो. त्याखेरीज उडीच्या आधीचं आणि नंतरचं ठसठशीत चित्र मधल्या फराट्याला झाकून टाकतं. हे दुसरं कारण पुष्कळदा सांगायचं राहतं, पण त्याचा वाटा मोठा आहे. हाच प्रयोग मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर केलात तर डोळे हलताना दिसतील, कारण पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येतं आणि तोवर तुमची उडी संपलेली असते.

हे झाकण पक्कं नसतं. रात्री महामार्गावर पुढच्या गाडीचे एलईडी टेललाइट बघा आणि नजर झटकन बाजूला न्या. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत लाल ठिपक्यांची एक माळ उमटलेली दिसेल. ते दिवे सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकत असतात. एरवी ते सलग दिसतात, पण धावत्या डोळ्याच्या पडद्यावर प्रत्येक लुकलुक वेगळ्या जागी पडते. (हे गाडी चालवताना करू नका, शेजारी बसल्यावर करा.) झाकणाची दुसरी खूण भिंतीवरच्या टिकटिक काट्याच्या घड्याळात आहे. एकदम नजर टाकली की पहिला सेकंद लांबलेला वाटतो, घड्याळ बंद पडलंय की काय अशी शंका येते. उडीत गेलेला वेळ मेंदू नंतरच्या चित्राच्या खात्यावर टाकतो. सेकंदाला तीन उड्या, प्रत्येक ४० मिलिसेकंदांची धरली, तर जागेपणीच्या सोळा तासांतले जवळजवळ दोन तास असे जमाखर्चात लपवलेले असतात.

जग हलत का नाही, याचं कारण वेगळं. पापणी मिटून नव्हे, डोळा उघडा ठेवून बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरूनच बोटाने अगदी हलकं ढकला, दुसरा डोळा झाका. खोली हलते. (मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं कसलंही ऑपरेशन झालेल्यांनी हे करायचं नाही.) स्वतःहून डोळा वळवला की मेंदू स्नायूंना हुकूम देतानाच त्याची एक प्रत बघण्याच्या यंत्रणेला पाठवतो, की चित्र सरकेल, ते मी सरकवलंय. बोटाने ढकलताना अशी प्रत जात नाही. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात हेरलं होतं.

उलट डोळा पूर्ण थांबवला तर दिसणंच बंद पडतं. १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी सोय केली, तेव्हा काही सेकंदांत चित्र विरून गेलं. आपण टक लावून बघतो तेव्हाही डोळा बारीक सरकतो, थरथरतो आणि सेकंदाला एक-दोन चिमुकल्या उड्या घेतो. ‘नजर एका जागी अजिबात हलू देऊ नकोस’ असं मुलाला सांगण्यात म्हणूनच अर्थ नाही.

डोळा अलगद सरकतच नाही असंही नाही. सरकतो, पण समोर खरोखर हलणारी वस्तू असेल तरच. मध्यवर्ती बसस्थानकात फलाटाला लागणाऱ्या बसची पाटी वाचताना तो बसबरोबर सरकतो म्हणून अक्षरं वाचता येतात. बस फार वेगात गेली तर, म्हणजे नजरेला सेकंदाला तीसेक अंशांहून जास्त फिरावं लागलं तर, डोळा मागे पडायला लागतो आणि उड्या घेऊन गाठतो. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा: झाडाबरोबर मागे सरकतात, झटक्याने पुढे येतात, परत सरकतात. त्याला विचारलं तर तो ‘शांत बाहेर बघतोय’ म्हणेल. तिसरी व्यवस्था कानातली. पुस्तक स्थिर धरून मान ‘नाही नाही’ अशी हलवा, अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून पुस्तक तेवढ्याच वेगाने हलवा, येणार नाहीत. अंतर्कर्णाकडून डोळ्याला निरोप दहाएक मिलिसेकंदांत पोचतो, तर डोळ्याने बघून मागे जायचं म्हटलं की शंभराच्या वर लागतात. चोर्ला घाटात मोबाईल वाचणाऱ्या पोराला मळमळतं तेही इथूनच: कान सांगतो वळतोय, डोळा सांगतो पान जागच्या जागी आहे.

तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येण्याआधी क्रिकेटची एक गोष्ट. मैदानावर प्रत्येक मार्गदर्शक ओरडतो, ‘चेंडूवरून नजर हटवू नको.’ चांगला फलंदाज नेमकी तीच हटवतो. इंग्लंडमधल्या मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवून बघितलं. चेंडू सुटताना फलंदाज त्याच्याकडे बघतो, मग नजर चेंडूला सोडून तो जिथे टप्पा खाईल त्या जागी उडी मारते आणि तिथे त्याची वाट बघते. टप्प्यानंतर परत त्याच्या मागे लागते. जास्त तरबेज फलंदाजाची ही उडी लवकर निघते. टप्प्याजवळ चेंडू इतका झपाट्याने खाली जातो की सरकत्या नजरेला तो गाठताच येत नाही. याच लँडने चहा करणाऱ्या माणसांच्या नजरेचाही माग घेतला: हात किटलीला लागायच्या अर्धा सेकंद आधी नजर तिथे पोचलेली, आणि हाताचं काम संपायच्या आत पुढच्या वस्तूकडे निघालेली. त्याच्याही आधी रशियात अल्फ्रेड यार्बुसने एकाच माणसाला एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. ‘या माणसांची वयं किती?’ म्हटलं की नजर चेहऱ्यांवर, ‘घर सधन आहे का?’ म्हटलं की सामानावर. डोळा, चित्र, माणूस तेच. प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली.

तुमच्या मुलाचंही असंच समजा. अक्षर ओळखायला वेळ लागतो म्हणून थांबा लांबतो; शब्द लागला नाही म्हणून नजर मागे जाते; पुढे काय येणार याचा अंदाज नाही म्हणून उडी लहान पडते. वाचनात मागे असलेल्या मुलांना त्यांना झेपेल असा सोपा मजकूर दिला की त्यांची नजर त्या पातळीच्या लहान मुलांसारखी व्यवस्थित चालते, आणि चांगल्या वाचकाला झेपणार नाही असा मजकूर दिला की त्याचेही डोळे अडखळतात. हे वारंवार दिसून आलंय. अडखळणारी नजर बहुतेक वेळा न वाचता येण्याचा परिणाम असते, कारण नव्हे. तुम्ही स्वतः पडताळा घ्या: त्याच मुलाला दुसरीचं मराठी पुस्तक द्या आणि भोकाच्या पानातून बघा. दुसरीच्या मजकुरावर नजर सुधारली तर डोळे हलवणारं यंत्र ठीक आहे.

कानडीत जास्त अडखळतो यातच अर्धं उत्तर आहे. डोळ्याचा दोष लिपी बघून येत नाही. देवनागरीत शिरोरेषेने शब्द एकसंध बांधलेला असतो, तो लांबूनच एक तुकडा म्हणून दिसतो. कानडीत ती दोरी नाही, वळणदार अक्षरं सुटी सुटी बसतात, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओत्ताक्षर होऊन खाली लटकतं. शिवाय प्रत्यय जोडून शब्द लांबतात, एका थांब्यात मावत नाहीत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या शब्दांचा अंदाजही बांधता येत नाही, कारण ते कानावरून पुरेसे गेलेले नसतात. त्यातही एक बारीक गोष्ट: छपाईत ओळी जवळ जवळ असल्या की वरच्या ओळीची ओत्ताक्षरं खालच्या ओळीच्या डोक्याला टेकतात. ओळ संपवून डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाताना तशीही ती मोठी उडी थोडी कमी पडते आणि एक छोटी दुरुस्तीची उडी घ्यावी लागते. तिथे दाटी असली की तो भलत्या ओळीवर उतरतो. ओळ चुकण्याचं हे एवढं साधं कारण असू शकतं. तोच धडा दीडपट ओळ-अंतर ठेवून छापून द्या आणि बघा. पट्टी लावायची तर वाचत असलेल्या ओळीच्या वर लावा, खाली नाही. खाली लावली की जिथे उतरायचं तीच जागा झाकली जाते. वर लावली की वाचून झालेलं झाकतं आणि चुकून वर जाणं थांबतं.

तरीही डोळे तपासायचेच, आणि तीन गोष्टींसाठी. पहिली, प्लसचा नंबर. शाळेतल्या तपासणीत मूल सहा मीटरवरचा तक्ता खाडखाड वाचतं आणि ‘नजर उत्तम’ असा शेरा मिळतो. प्लसचा नंबर असलेलं मूल जोर लावून लांबचं वाचतंच. जवळचं वाचताना दहा मिनिटांत थकतं, डोकं धरतं, डोळे चोळतं. तो नंबर लपतो, म्हणून लहान मुलाचा नंबर डोळ्यात औषध घालूनच काढला पाहिजे. औषधाविना काढलेल्या नंबरावर विसंबू नका. दुसरी, दोन्ही डोळे आत वळवण्याची ताकद. बॉलपेनाचं टोक किंवा काडीवर लिहिलेलं बारीक अक्षर नाकाच्या रेषेत ४० सेंटिमीटरवरून सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर इतक्या सावकाश नाकाकडे आणा. चष्मा असेल तर लावून. दोन दिसली की मुलाने सांगायचं, तिथे फूटपट्टीने अंतर मोजायचं. सहा सेंटिमीटरपर्यंत आलं तर छान, दहाच्या बाहेरच दोन दिसू लागली तर दाखवा. तीन-चारदा करा, कारण पहिल्या खेपेला जमतं आणि नंतर थकून अंतर वाढतं, ती वाढच महत्त्वाची. नेहमीची चूक अशी की फक्त मुलाच्या उत्तरावर भरवसा ठेवला जातो. काही मुलांना दोन कधीच दिसत नाहीत, कारण मेंदू एका डोळ्याचं चित्र बंद करून टाकतो. तेव्हा एक डोळा बाहेर सुटताना तुम्हाला दिसला, तेच अंतर धरायचं. तिसरी, उड्यांची चाचणी: मुलापासून ४० सेंटिमीटरवर दोन रंगीत पेनं, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटरवर. ‘लाल’, ‘निळं’ म्हणाल तसं बघायचं, पाच फेऱ्या. सहा-सात वर्षांखालचं मूल मान हलवतंच. चौथीतलं मूल दरवेळी मान हलवत असेल किंवा पेनावर पोचायला दोन-तीन टप्पे घेत असेल, तर ते लिहून ठेवा.

आता व्यायामाचा वर्ग. आत वळवण्याची ताकद कमी आहे हे तपासणीत निघालं, तर व्यायामाने फायदा होतो. अमेरिकेत २००८ साली २२१ मुलांवर झालेल्या चाचणीत दवाखान्यात देखरेखीखाली १२ आठवडे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के मुलं सुधारली, घरी नुसती पेन्सिल नाकाकडे आणणाऱ्यांपैकी ४३ टक्के. पण त्याच मालिकेतल्या २०१९ च्या चाचणीत असंही दिसलं की अशा उपचाराने वाचून समजण्याची क्षमता तुलनेसाठी दिलेल्या खोट्या उपचाराहून जास्त वाढली नाही. म्हणजे डोकेदुखी, दोन दिसणं यासाठी जरूर करा. ‘वाचन सुधारेल’ म्हणून पैसे भरू नका. दोष निघालाच नाही तर नजर फिरवायचे, त्राटकाचे, चेंडू बघायचे वर्ग हा नुसता खर्च. वेगवाचनाचे वर्गही त्यातच धरा. सेकंदाला चार थांबे ही डोळ्याची आणि मेंदूची मिळून मर्यादा आहे. मिनिटाला हजार शब्द म्हणणारा माणूस वाचत नाही, चाळतो.

तेवढा वेळ मुलाला कानडीच्या एकाच सोप्या परिच्छेदाचं मोठ्याने वाचन रोज दहा मिनिटं द्या, आधी तुम्ही वाचून दाखवा, मग तो. तोच परिच्छेद चार दिवस. शुक्रवारी भोकाच्या पानातून परत थांबे मोजा.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं: समोर नुसतं बघतानाही डोळे लयीत हलत राहणं, एक डोळा आत किंवा बाहेर वळलेला, वाचताना एक डोळा हाताने झाकणं, मान कायम एका बाजूला, किंवा अचानक दोन दिसायला लागणं. शेवटचं घरातल्या मधुमेही आजोबांना झालं तर त्याच दिवशी दाखवावं. वळलेला डोळा ‘मोठेपणी सरळ होईल’ म्हणून ठेवला, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकेनासा होतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो डोळा परत जागा करणं अवघड जातं.

नेत्रतज्ज्ञांकडे पाठवताना चिठ्ठीत ‘वाचत नाही’ एवढंच लिहू नका. एका पेनाची दोन नाकापासून किती सेंटिमीटरवर दिसली, तिसऱ्या-चौथ्या खेपेला किती, आणि दुसरीच्या पुस्तकावर ओळीला किती थांबे, चौथीच्या पुस्तकावर किती, हे लिहा. खाली ‘औषध घालून नंबर बघावा ही विनंती’.